घासूनपुसून लख्ख

ठराव क्रमांक चौदा. 'इमारतीच्या बाहेरील भागाची सफाई व नूतनीकरण.' त्याखाली बारीक अक्षरांत यादी होती: पन्हळी, खिडक्या, पायऱ्या, फरशी आणि सर्वांत शेवटी 'अंगणातील दगडकाम'. मी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि हात वर केला. आमच्या वाचनालयाचे आम्ही सात विश्वस्त. सातही हात वर होते आणि त्यांतला एक माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी इतरांबद्दल बरंच काही बोलणार आहे.

मी वेन्डल हॅस्केल. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर हॅडली कोव्हला जन्मलो आणि एकेचाळीस वर्षं इथल्याच बोटींच्या यार्डात क्रेन चालवली. शिक्षण बेताचंच, पण गावातला माणूस हवा म्हणून त्यांनी मला विश्वस्त केलं. 'अंगणातील दगडकाम' म्हणजे काय हे त्या सात जणांत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते दगडकाम मीच तिथे उतरवलं होतं.

ते अल्थिया ग्रिंडलचं शिल्प. तिने त्याला नाव दिलं होतं 'ओहोटी'. ग्रॅनाइटचे तीन दगड, सर्वांत लांब असलेला अकरा फूट, उंची मात्र कुठे घोट्याइतकी, कुठे कमरेइतकी. अल्थियाचा बाप पाथरवट. आता बंद पडलेल्या आमच्या खाणीत त्याने आयुष्य काढलं. त्याच्या घराखाली समुद्रात एक खडक आहे, तो ओहोटीलाच उघडा पडतो. ती लहानपणापासून तो बघत आली होती. शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी संपली तशी ती दोन वर्षं रोज त्या खडकावर जाऊन बसली, त्याचे उतार मोजले, भेगा काढल्या. मग खाणीतला दगड घेऊन आणखी तीन वर्षं छिन्नी चालवली. कुणीतरी म्हणालं, हुबेहूब झालाय. त्यावर ती म्हणाली, "हुबेहूब हवा असता तर फोटो काढला असता."

मी दगड उतरवत होतो तेव्हा तिने तिसरा दगड तीनदा उचलायला लावला. दोन बोटं उत्तरेला, मग एक बोट पश्चिमेला.

"अल्थिया, पाच टन आहे तो. उशी नव्हे सरकवायला," मी म्हणालो.

"उत्तरेची बाजू सावलीत राहिली पाहिजे. तिथे करडं दगडफूल येईल. आणि या दक्षिणेच्या कण्यावर सीगल बसले पाहिजेत."

"सीगल कशाला?"

"शिटायला. केशरी दगडफुलाला ते खत लागतं. समुद्रावरच्या खडकाला रंग काय उगीच येतो?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. दगड टेकल्यावर तिने तळहाताने पाठीवरची धूळ झाडली आणि म्हणाली, "माझं निम्मं काम झालं. उरलेलं आता माझ्या हातात नाही."

ते उरलेलं काम सतरा वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी उत्तरेच्या बाजूला करडे ठिपके आले, मसुराच्या दाण्याएवढे. सातव्या वर्षी कण्यावर पहिला केशरी डाग दिसला. दगडांच्या खोलगट जागांत पावसाचं पाणी साचायचं, त्यांच्या काठाने शेवाळ धरलं. अल्थिया दर गुरुवारी पुस्तकं बदलायला यायची आणि आत जायच्या आधी दगडांपाशी थांबायची. कधी डोळ्यांना भिंग लावून, कधी नुसतीच हात पाठीमागे बांधून. अलीकडे तो केशरी पट्टा हातभर लांब झाला होता. धुक्याच्या सकाळी गाडीतून जाताना एकदम वाटायचं की समुद्र इथवर येऊन ओसरलाय आणि खाली तळ दिसतोय. मी काही कलेतला माणूस नाही, पण तसं वाटायचं खरं.

विश्वस्तांचे अध्यक्ष प्रेस्कॉट लॅनिंग. कनेक्टिकटचे, बारा उन्हाळे आमच्या गावी येणारे. नवा वाचनकक्ष त्यांच्याच पुढाकाराने झाला. मुलांना गोष्टी वाचून दाखवायला स्वतः बसायचे, वादळ झालं तर लोकांच्या अंगणात पडलेल्या फांद्या उचलायचे. वाईट माणूस असता तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

जुलैत वाचनकक्षाचं उद्घाटन होतं, म्हणून जूनमध्ये सफाई. बाहेरून आलेली दोन माणसं दोन दिवस राबली. तेव्हा मी बँगोरला होतो, माझ्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. गुरुवारी परतलो आणि पेट्रोल भरून वाचनालयावरून निघालो, तर अंगणात अल्थिया उभी. खांद्याला पुस्तकांची पिशवी.

मी गाडी थांबवली. दगड चकाकत होते. नव्या स्वयंपाकघरातला ओटा असतो ना, तसे. आधी ॲसिड, मग जोराच्या दाबाचं पाणी, आणि वरून काचेसारखा लेप. करडं नाही, केशरी नाही, शेवाळाचा हिरवा कण नाही. एका खोलगट जागेत पाणी साचलं होतं, त्यात इमारतीवरचा झेंडा स्पष्ट दिसत होता.

"वेन्डल, हे कुणी केलं?"

मी उतरलो, गाडीचं दार लावलं.

"कुणी केलं विचारतेय मी."

"आम्ही. मे महिन्यात ठराव झाला होता."

"तू होतास?"

"होतो."

"आणि?"

"हात वर केला."

तिने कण्यावरून बोट ओढलं. ते सरकन निसटलं. "धरायला काही जागाच ठेवली नाही," ती म्हणाली. मोठ्याने नाही, रडत नाही. मग पिशवी तशीच खांद्यावर घेऊन ती चालत घरी गेली. तीन मैल. मी गाडीत बस म्हणालो तर माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या मंगळवारी खास सभा बोलावली. अल्थिया समोरच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर. तिचे ते हात मी पाहत होतो. एका अंगठ्याचं नख कधीच नीट आलं नव्हतं.

लॅनिंग म्हणाले, "अल्थिया, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, ते चुकलं. पण एक सांगू? तुम्ही जसा दिला होता तसाच्या तसा दिसतोय आता. अगदी नवा."

"मी दिला तेव्हा तो अर्धा होता."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही सतरा वर्षांचं काम दोन दिवसांत खरवडून टाकलंत."

कोरा पिंकमने घसा साफ केला. कोरा पोस्टात असते, विश्वस्तही आहे. "रागावू नकोस, पण आम्हाला तो अस्वच्छच वाटायचा ग. पक्ष्यांची घाण. पोरं त्याला हात लावायची आणि तेच हात पुस्तकांना."

"तुझ्या धक्क्याखालचे खडक धुतेस का रोज?"

"ते समुद्रात आहेत."

"हाही समुद्रातच होता, कोरा. तुम्हाला दिसला नाही."

लॅनिंगनी हात वर करून दोघींना थांबवलं. चेहऱ्यावर समजूतदार हसू. "मी वाचलंय यावर. दह्यात शेवाळ घालून मिक्सरमधून काढतात आणि दगडाला फासतात. महिन्याभरात हिरवं होतं म्हणे. आपण करून घेऊ. दही मी आणतो."

दोघेतिघे हसले. अल्थिया थांबली, हसणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, "दही तुम्ही खा. माझं नाव काढा त्या दगडावरून."

"नाव कशाला काढायचं?"

"जे मी केलं ते तिथे नाही. आहे त्याला माझं नाव नको. या देशात तसा कायदा आहे. तुमच्याच वाचनालयातून पुस्तक नेऊन वाचलाय."

"आमंत्रणं छापून झालीत, अल्थिया. तुमचं नाव म्हणजे त्या दिवसाची शोभा आहे."

"म्हणूनच काढा."

वकिलांना विचारतो, असं लॅनिंग म्हणाले. दोन आठवड्यांनी वकिलांचं पत्र आलं, ते सभेत वाचून दाखवलं. नियमित देखभाल म्हणजे विद्रूप करणं नव्हे. लेपामुळे कलाकृतीचं आयुष्य वाढलं आहे. मिसेस ग्रिंडल यांच्या योगदानाच्या आदरापोटी त्यांचं नाव कायम ठेवण्यात येत आहे. 'आदरापोटी' म्हणे. बाईच्या आयुष्याचं काम घासून टाकायचं आणि वर आदरापोटी तिला त्याच्याखाली सही करायला लावायची. मी ठराव मांडला की तिचं नाव काढावं. त्या खोलीत मी मांडलेला तो पहिलाच ठराव. लॅनिंगनी सौम्यपणे विचारलं, "अनुमोदन आहे का कुणाचं?" कोराने समोरचे कागद एकसारखे केले. एकाने घड्याळ पाहिलं. अनुमोदन नव्हतं, म्हणून ठराव नोंदलाही गेला नाही.

मी अल्थियाला फोन करून सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

उद्घाटन बारा जुलैला, दुपारी दोनला. सकाळी नऊला मी अंगणात खुर्च्या मांडत होतो, तेव्हा तिचा जुना ट्रक येऊन थांबला. तिने लाकडी खोकं काढलं, हातोडा काढला, कापडात गुंडाळलेल्या छिन्न्या काढल्या आणि तिसऱ्या दगडाच्या पायथ्याशी बसली. तिथे तिचं नाव होतं, बोटभर उंचीची अक्षरं, तिनेच कोरलेली. डोळ्यांना चष्मा चढवला आणि पहिला घाव घातला.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"ग्रॅनाइट आहे. लोणी नव्हे."

"मी काय करू?"

"खुर्च्या लाव. तेच करत होतास ना."

तेही खरंच होतं. मी खुर्च्या लावल्या, मग पाणी आणून तिच्याजवळ ठेवलं. ते तिने घेतलं.

दहाच्या सुमारास लॅनिंग आले. आधी विनवणी केली, मग वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने हातोडा थांबवला, त्यांनी हात काढून घेईपर्यंत तशीच बसली, आणि पुन्हा सुरुवात केली. त्यांनी शेरीफच्या ऑफिसला, म्हणजे पोलिसांना, फोन लावला.

आला तो ड्वेन ॲली. चाळिशीचा, जाडा, शाळेत तिच्याच वर्गात असलेला. टोपी काढून तो तिच्यासमोर उभा राहिला.

"बाई, थांबावं लागेल."

"थांबते. हा 'एल' होऊ दे."

"बाई, ऐका ना."

"ऐकतेय. तिकडे सावलीत हो, ड्वेन. तुझ्या डोळ्यांना चष्मा नाही, कपची जाईल."

ड्वेन सावलीत झाला. लॅनिंग त्याच्यामागे गेले. "ऑफिसर, दिवसाढवळ्या मालमत्तेची मोडतोड चालली आहे. तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतंय की. काय मोडतायत त्या?"

"नाव."

"कुणाचं?"

"त्यांचंच."

ड्वेनने खिशातून वही काढली. "बरं. तक्रार लिहून घेतो. खाली तुमची सही लागेल. मग मला त्यांना घेऊन जावं लागेल. हातकडी घालायचा नियम आहे, पण मी पुढून घालीन, खांदा दुखतो त्यांचा."

लॅनिंगनी पेन हातात घेतलं. रस्त्याच्या पलीकडे वृत्तपत्रवाली मुलगी कॅमेऱ्याची पिशवी उघडत होती, उद्घाटनासाठी लवकर आलेली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या शिल्पकार बाईला तिच्याच शिल्पापासून हातकडी घालून नेतानाचा फोटो कसा दिसेल, हे त्यांना माझ्याइतकंच चटकन दिसलं असावं. पेन त्यांनी परत दिलं. सही केली नाही.

अल्थियाला शेवटचं अक्षर संपवायला दीड वाजला. नावाच्या जागी एक पांढुरकी, खडबडीत पट्टी उरली. ड्वेन जवळ येऊन वाकला. "बाई, इथला लेप तर गेला. निदान इथे तरी उगवेल ना परत?"

"नाही. वरून लेपाचंच पाणी ओघळत येणार." तिने छिन्न्या कापडात गुंडाळल्या. मनगट सुजलं होतं, तिला गाठ मारता येईना. ती मी मारली. दोन वाजता लोक येऊ लागले तेव्हा तिचा ट्रक निघून गेला होता.

उद्घाटनात मला बोलायचं होतं. पत्रिकेतच छापलं होतं: 'वेन्डल हॅस्केल, शिल्प बसवल्याच्या आठवणी.' लॅनिंग माझ्या कानाशी म्हणाले, "गमतीचं काहीतरी सांगा. दोन मिनिटं." सतरा वर्षांपूर्वी दगड तीनदा कसा उचलला, सीगल कशाला हवे होते, हे सांगितलं. लोक हसले. मग सांगितलं की ते सगळं जूनमध्ये ॲसिडने धुतलं आणि आम्ही विचारलंही नाही, की तिने नाव काढा म्हटलं आणि आम्ही वकिलाचं पत्र पुढे केलं, की आज सकाळी ती स्वतः येऊन साडेचार तास बसली. "आणि धुवायच्या ठरावाला माझाही हात वर होता," मी म्हणालो. "मला कळायला हवं होतं. या सर्वांपेक्षा मला जास्त."

शंभरेक माणसं असतील. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी उठूनही गेलं नाही. लॅनिंग पुढे आले, "धन्यवाद, वेन्डल" म्हणाले, आणि व्हायोलिन वाजायला लागलं. मग खेकड्याचे रोल आणि ब्लूबेरीची पेस्ट्री. बॉस्टनच्या एका बाईने माझा दंड धरून 'फार हृदयस्पर्शी' असं काहीतरी म्हटलं आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं.

मला वाटलं होतं, गाव पेटेल. गाव पेटलं नाही. कोराने पोस्टात माझी पत्रं न बोलता सरकवायला सुरुवात केली. माझी बहीण काठी टेकत आली आणि म्हणाली, "एका हट्टी बाईपायी तू अख्ख्या गावाचा दिवस नासवलास." विश्वस्तपदाचा राजीनामा मी लिहीतच होतो, तर मला पदमुक्त केल्याचं विश्वस्तांचं पत्र आधी आलं. माझ्या दीर्घ सेवेबद्दल आभार होते.

तिसऱ्या दिवशी अल्थियाकडे गेलो. ती शेडमध्ये होती, हाताला पट्टी. वाटलं, एक शब्द तरी बरा बोलेल.

"तुला बोलायला मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग माझ्या नावाने भाषण का ठोकलंस? नुकतंच काढलं होतं ना मी ते."

"मी माझ्याबद्दल बोललो. माझ्या हाताबद्दल."

तिने पट्टीचं सुटलेलं टोक खोचलं. "तो हात वर करताना काय चाललं होतं तुझ्या डोक्यात?"

खोटं सांगता आलं असतं. "जेवण. सव्वासहा वाजले होते."

"हं," ती म्हणाली. आणि खुंटीवरचा कॉफीचा मग काढून माझ्यापुढे ठेवला.

ऑगस्टमध्ये दगडांशेजारी नवी पितळी पाटी लागली. 'ओहोटी. स्थानिक ग्रॅनाइट. कलाकार अज्ञात.' मी ती तीनदा वाचली. ज्या बाईने यांच्या निम्म्या पोरांच्या हातात पेन्सिल दिली, जी इथून तीन मैलांवर राहते, ती अज्ञात. नाव काढा म्हटलं तेव्हा काढलं नाही, आणि तिने स्वतःच्या मनगटाची वाट लावून काढलं तेव्हा तिलाच पुसून टाकलं. मी हे तिला सांगितलं तर ती पहिल्यांदा हसली. "अज्ञात कशी? परवाच वाचनालयाचं पत्र आलंय, पुस्तकं परत करा म्हणून. नाव, पत्ता, सगळं बरोबर."

पुस्तकं मी नेऊन दिली. ती पुन्हा तिकडे गेली नाही. दुसऱ्या एका गावाने तिला शिल्पाबद्दल विचारलं होतं, तिने उत्तर धाडलं नाही. मनगट पूर्वीसारखं झालं नाही. आता ती मुठीत मावतील असे दगड घडवते, किनाऱ्यावरच्या गोट्यांसारखे, आणि कुणाला देत नाही. घराखालच्या खडकाकडे ओहोटीच्या वेळी जाते, हे मला धक्क्यावरून दिसतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उन्हाळी लोक परत निघतात. मी हार्डवेअरच्या दुकानात दोर घेत होतो. घर बंद करताना खिडक्यांवर ठोकायच्या फळ्यांसाठी लॅनिंग खिळे घ्यायला आले होते. गाडी बाहेर भरून उभी होती, कुत्रं पुढच्या सीटवर. त्यांनी हात पुढे केला.

"वेन्डल, झालं ते झालं. मनात काही ठेवू नका."

माझ्या दोन्ही हातांत दोराचं वेटोळं होतं. मी ते खाली ठेवलं नाही.

"ठेवणार आहे, मिस्टर लॅनिंग," मी म्हणालो.

त्यांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मलाही फारसं बरं वाटलं नाही. त्यांनी खिळे घेतले, "पुढच्या वर्षी भेटू" म्हणाले आणि दार ओढून घेतलं. दुकानदाराने विचारलं, दोर किती फूट कापू. मी सांगितलं, साठ.